बाथरूमच्या खिडकीतला पुदिना

मी पुदिना. बाथरूमच्या खिडकीतून बोलतोय. हसू आलं ना? येणारच. पुदिन्याने बोलावं ते स्वयंपाकघरातून, फार तर गॅलरीतल्या कुंडीतून. पण माझं उभं आयुष्य गेलं साबणाच्या वड्या, वाकडे झालेले ब्रश आणि एका गळक्या नळाच्या संगतीत. त्याची मला खंत नाही. इथे बसून मी जे पाहिलं, ते मंडईतल्या कुठल्या जुडीच्या नशिबी नसेल.

माझा जन्मच मुळी केराच्या डब्यापाशी झाला. भाजीवाल्याकडून जुडी आली, पानं खुडून स्वयंपाकात गेली आणि आम्ही उघड्याबोडक्या काड्या तेवढ्या उरलो. डब्याचं झाकण वर झालं, आणि या घरच्या सुनेचा हात थबकला. त्यातल्या दोन-चार जाडसर काड्या तिने उचलल्या, पाण्याच्या ग्लासात उभ्या केल्या आणि म्हणाली, "जगायचं तर जगा. नाहीतर डबा काही लांब नाही."

आमची जातच चिवट. आठवडाभरात मला पांढरी, केसांसारखी मुळं फुटली. बाकीच्या काड्या कुजल्या, मी टिकलो. ओट्यावरच्या त्या ग्लासातून मला समोरच बाथरूमचं दार दिसायचं. ते बहुतेक वेळ बंद असायचं.

दारामागे असायचे बाबा, म्हणजे तिचे सासरे. चौकात त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. एकच खुर्ची, पण तिच्यावर बसायला माणसं रांग लावायची. हात असा हलका की गिऱ्हाईक घोरायला लागायचं. त्यांच्या पोटात काहीतरी वाढलं, ऑपरेशन झालं. वाढलेलं काढलं, पण आतड्याची नेहमीची वाट बंद झाली. डॉक्टरांनी पोटावरच एक लहान तोंड करून दिलं आणि त्यावर चिकटवायची पिशवी दिली. शरीराला जे बाहेर टाकायचं असेल ते त्या पिशवीत जमायचं. ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची, धुवायची, दोन-तीन दिवसांनी बदलायची. नर्सने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, "पिशवी नीट चिकटली असेल तर बाहेर वास येत नाही. रिकामी करताना येईल तेवढाच."

हे बाबांच्या डोक्यात शिरलं, मनात उतरलं नाही. त्यांना सगळीकडे वास यायला लागला. उशीला, चहाच्या कपाला, स्वतःच्या सावलीला. दुकानाला कुलूप लागलं.

त्यांचा मुलगा, ज्याला ते 'चिरंजीव' म्हणत, मनाने चांगला पण तोंडाने मुका. बापाच्या दुखण्याबद्दल काय बोलावं ते त्याला सुचत नसे. मग तो बाजारातून सुगंधी फवाऱ्याचे डबे आणायचा. गुलाबाचा, लिंबाचा, समुद्राच्या वाऱ्याचा. समुद्राचा वारा डब्यात कसा भरतात देव जाणे! बाबा आत गेले की फुस्स, फुस्स, फुस्स असा आवाज सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. दार उघडलं की असा लोट बाहेर यायचा की माझ्या कोवळ्या पानांची टोकं आक्रसायची.

सूनबाईची छाती आधीच नाजूक. तिला खोकला लागला. त्यातून तिची नोकरी फोनवरची. गीझर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या लोकांच्या तक्रारी ऐकायची. "नमस्कार, मी आपली काय मदत करू—" एवढं म्हणेपर्यंत उबळ यायची आणि पलीकडचा माणूस विचारायचा, "बाई, मदत तुम्हाला हवीय की मला?" वरचे साहेब नाराज झाले. तिने ब्र काढला नाही. पण खोकला काही मूग गिळून बसत नाही. भिंतीपलीकडून तो बाबांना ऐकू गेला.

दुसऱ्या दिवसापासून फवारा बंद झाला. सूनबाईला वाटलं, सुटले. पण तिच्या लक्षात आलं की बाबांच्या ताटात अर्धं जेवण तसंच राहतंय. मग पाऊण. "भूक नाही" म्हणून ते उठायचे. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. फवारा मारायचा नाही आणि घरात वासही सोडायचा नाही, तर उपाय एकच. पोटात काही जाऊच द्यायचं नाही.

एके दुपारी कानावरचा फोन काढून ती बाथरूमच्या दाराशी आली. बाबा आत होते.

"बाबा, दार उघडू नका. मी बाहेरूनच बोलते."

"काय गं?"

"जेवण का टाकता?"

"भूक नाही."

"भूक नाही, की आत गेलं तर बाहेर येईल म्हणून?"

आत नळ सुरू झाला. बराच वेळ वाहिला. मग बंद झाला.

"पोरी, असले प्रश्न सुनेने विचारायचे नसतात."

"मग कुणी विचारायचे? तुमचे चिरंजीव तर विचारणार नाहीत, ते डबे आणतात. मी दिवसभर परक्या माणसांना विचारते, तुमच्या गीझरमधून नक्की काय गळतंय, कुठून गळतंय, किती गळतंय. घरच्या माणसाला विचारायची चोरी?"

आतून नाकातून हसल्यासारखा एक आवाज आला. मग बाबा म्हणाले, "तुझा खोकला माझ्यामुळे."

"डब्यामुळे. तुम्ही आणि डबा यांत फरक आहे की नाही?"

त्या रात्री ताट बऱ्यापैकी रिकामं झालं, आणि माझं नशीब पालटलं.

बाथरूमला एक खिडकी होती. खडबडीत काचेची, पूर्वेकडे उघडणारी. म्हणजे उघडायला हवी होती. कुणीतरी कधीतरी रंग देताना चौकटीसकट रंगवली आणि ती तिथेच चिकटून बसली. सुट्टीच्या दिवशी सूनबाईने नवऱ्याला हाताला धरून तिथे उभं केलं. "फवारे पुरे झाले. ही उघडून द्या." चिरंजीवांना बोलता येत नव्हतं, पण पेचकस धरता येत होता. घामाघूम होऊन, एक काच तडकवून, स्वतःचा अंगठा सोलून घेऊन त्याने ती खिडकी उघडली. उन्हाची एक तिरीप आत आली आणि फरशीवरचे डाग पहिल्यांदाच दिसले. "बाप रे!" सूनबाई म्हणाली आणि घासायचा ब्रश घेऊन बसली.

मग आम्ही आलो. मी ग्लासातून कुंडीत गेलो आणि खिडकीच्या कट्ट्यावर डाव्या कोपऱ्यात बसलो. उजव्या कोपऱ्यात मरवा. गवती चहा आडदांड, तो गॅलरीतच राहिला. पण त्याची पाती कापून, पेंडी बांधून सूनबाई ती गरम पाण्याच्या नळाला टांगायची. वाफ लागली की लिंबासारखा वास दरवळायचा. मोगराही आणला होता. बाईसाहेबांना हा शेजार पसंत पडला नाही. ऊन कमी म्हणून कळ्या गाळल्या, पानं पिवळी केली आणि गॅलरीत परत जाऊनच गप्प झाल्या. मला मात्र ही जागा मानवली. सकाळचं ऊन, दिवसभर ओलावा, पुदिन्याला आणखी काय हवं?

आता खरं सांगतो. बढाई मारणं माझ्या स्वभावात नाही. घाण वास नाहीसा करायची ताकद आमच्यात नाही. निम्म्याहून जास्त काम त्या उघड्या खिडकीने केलं, राहिलेलं पाण्याने आणि घासण्याने. आम्ही फक्त नाकाला दुसरीकडे बघायला लावतो. तेही हात लागला तर. नुसतं पाहून पुदिना दरवळत नाही, पान चुरडावं लागतं.

बाबा चुरडायचे. पिशवी रिकामी करण्याआधी माझं एक पान खुडून, दोन बोटांत चोळून, वरच्या ओठाला लावायचे. केस कापणाऱ्याची ती बोटं. इतक्या अलगद खुडायची की मला कळायचंही नाही. मग काम उरकायचे, हात धुवायचे आणि आरशात बघून स्वतःशीच पुटपुटायचे. बाथरूममध्ये माणूस फार खरं बोलतो. त्यांच्या मनातलं सगळं मला तिथेच कळलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाकून काम करायचं, दोघांच्या नाकांत वीतभर अंतर. तिथे वास आला तर? वाकताना पिशवीची कड सुटली तर? भर दुकानात तिने आवाज केला तर?

बाहेर आले की रोज विचारायचे, "वास येतोय का गं?"

"नाही बाबा."

"काय रे, वास?"

"छे! मुळीच नाही," चिरंजीव पेपरात तोंड खुपसून म्हणायचा.

बाबा मान हलवायचे आणि परत आत येऊन आणखी एक पान खुडायचे. घरच्यांचा त्यांच्यावर जीव होता, म्हणूनच त्यांच्या 'नाही'वर बाबांचा विश्वास नव्हता. माझी एक बाजू खुडून खुडून टकली झाली.

अशात चपला विकणाऱ्या एका माणसाने दुकान मागितलं. बाबा म्हणाले, "देऊन टाक."

"बाबा, एकदा विचार करा," सूनबाई म्हणाली.

"विचारच करतोय की. रोज तासभर आत बसून दुसरं काय करतो?"

बोलणी ठरली. रविवारनंतर तो माणूस किल्ली घ्यायला येणार होता. त्या दिवसांत बाबा आरशात बघून बोलायचेही बंद झाले. मला खुडायचे, पण चोळायला विसरायचे. पान तसंच कट्ट्यावर सुकून जायचं.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली आणि घरात दाढीचं जंगल शिरलं. त्यामागे घड्याळकाका होते, चौकात बाबांच्या शेजारी बसून घड्याळं दुरुस्त करणारे. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र.

"हे काय सोंग?" बाबा म्हणाले.

"सोंग कसलं? तुझी करणी. दुकान बंद करून बसलास. मी दुसऱ्या कुणापुढे गळा पुढे करणार नाही, हे तुला ठाऊक आहे. माझी नात मला बघून रडते. चल, काढ वस्तरा."

"मी आता करत नाही."

"करत नाहीस की करवत नाही?"

"तसंच समज."

"हात दाखव." काकांनी त्यांचा हात धरून उजेडात उलटापालटा केला, घड्याळ तपासावं तसा. "थरथरत नाही. मग चल. मी परत जाणार नाही. जेवायलाही इथेच थांबेन, आणि मी किती जेवतो ते तुझ्या सुनेला अजून माहीत नाही."

खुर्ची नव्हती, दुकान नव्हतं. आरसा आणि पाणी होतं ते बाथरूममध्येच. सूनबाईने प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं, काकांच्या गळ्याभोवती टॉवेल आला, आणि त्या चिमुकल्या खोलीत दोन म्हातारे मावले. मी आणि मरवा भिंतीला चिकटून बसलो.

आधी कात्री चालली. करड्या केसांचा ढीग फरशीवर पडला. मग फेस, मग वस्तरा. बाबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भुवया खाली आल्या, ओठ मिटले, खांदे सैल झाले. एक गाल साफ झाला. ते गळ्यासाठी वाकले, आणि शर्टाच्या आतून पिशवीने आवाज केला. चांगला मोठा, लांबलचक.

बाबांचा हात जागीच थिजला. त्यापाठोपाठ वासही आला. वाकल्यामुळे कड जराशी सुटली असावी. मी होतो, मरवा होता, खिडकी उघडी होती, तरी आला.

"थांबलास का?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"वस्तरा गळ्यावर ठेवून 'काही नाही' म्हणू नये माणसाने. समोरच्याचा जीव जातो."

बाबांनी हात मागे घेतला. आवाज अगदी बारीक झाला होता. "वास आला?"

मी कान टवकारले, म्हणजे पानं. उत्तर मला पाठ होतं. 'छे, मुळीच नाही.'

"आला," काका म्हणाले. "थोडासा. मग?"

"मग म्हणजे?"

"म्हणजे पुढे काय? माझी अर्धी दाढी व्हायचीय. वास आला म्हणून अर्धाच घरी जाऊ? नात आणखी रडेल."

"दुकानात लोक उठून जातील."

"जाईल एखादा. जाऊ दे. अरे, जन्मभर तू आमचे वास घेतलेस. माझ्या तोंडाला सदानकदा लसणाचा वास मारतो, बायको आयुष्यभर पाठ करून झोपली. त्या मासेवाल्याचं डोकं, गॅरेजवाल्याची मान, सकाळी सकाळी ढोसून येणारा तो बँकेतला साहेब. कुणाला खुर्चीवरून उठवलंस? कधी नाक मुरडलंस?"

"ते माझं कामच होतं."

"मग थोडं आमचंही काम असू दे."

बाबांनी वस्तरा धुतला. परत धुतला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात ओले, त्यामुळे पुसायचं कशाने ते कळेना. शेवटी काकांनी गळ्यातला टॉवेलच वर केला. "घे. फेस बघून पूस, नाहीतर डोळ्यात जाईल."

"आणि हा पुदिना?" बाबांनी नाक ओढत विचारलं. "याने काही होत नाही?"

"चांगला आहे बिचारा. पण पुदिन्याचाही वास येतो आणि तुझाही येतो. मला दोन्ही चालतात."

मला राग आला नाही. खरं तेच होतं. इतके महिने माझ्या पानांना जे साधलं नाही, ते त्या माणसाच्या एका 'आला'ने साधलं. 'नाही' ऐकून ऐकून बाबांना भीतीच वाटत होती. 'आला' म्हणणारा माणूस स्टुलावरून उठला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दाढी पुरी झाली. काकांनी गालांवरून हात फिरवला, समाधानाने हुंकार दिला. बाबा म्हणाले, "आता तू जरा बाहेर बस. मी पिशवी बदलून येतो."

'पिशवी' हा शब्द त्यांच्या तोंडून मोठ्याने निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. बाहेर सूनबाईनेही ऐकला असावा, कारण ओट्यावर तिच्या हातातून चमचा पडला.

चपलावाल्याला चिरंजीवाने नकार कळवला. कसा कळवला असेल तोच जाणे, बहुधा मान हलवूनच. बाबा दुकानात जायला लागले, आधी फक्त सकाळी. निघण्यापूर्वी ते आत यायचे, पिशवीची कड चारही बाजूंनी दाबून बघायचे, माझं एक पान खिशात टाकायचे आणि दोनदा परत येऊन पुन्हा कड बघायचे. भीती काही एका दाढीबरोबर वाहून जात नाही.

एके दिवशी ते लवकर परतले. सरळ आत येऊन त्याच स्टुलावर बसले. माझ्या देठातलं पाणीच थांबलं. थोड्या वेळाने सूनबाई दाराशी आली. आता दार नुसतं लोटलेलं असायचं.

"काय झालं बाबा?"

"एकजण उठून गेला."

"फेस लावलेला?"

"फेस लावलेला. म्हणाला, काम आठवलं."

वासाने गेला की खरंच काम होतं, कोण जाणे. सूनबाईने विचारलं, "मग?"

बाबांनी बूट काढायला सुरुवात केली. "मग काय? पुढचा बसला. आज गर्दीच नव्हती, म्हणून लवकर आलो. खायला काय आहे?"

सूनबाई हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. या वेळचा साधाच होता.

त्याला आता बराच काळ लोटला. मी म्हातारा झालोय. देठ लाकडासारखे, पानं बारीक. मध्ये पानांवर मावा किडा पडला, तेव्हा सूनबाईने मला पार बुडापर्यंत छाटलं आणि म्हणाली, "रागावू नकोस, परत येशील." आलो. आता मी आणि मरवा आळीपाळीने राहतो, थोडे दिवस इथे, थोडे गॅलरीतल्या उन्हात. मोगरा अजून आमच्याशी बोलत नाही. बाबा खिशात पान कधी नेतात, कधी विसरतात. माझी टकली बाजू भरून आली आहे.

निरोप घेण्याआधी एवढंच मागणं. तुमच्या बाथरूमला खिडकी असेल तर आधी ती उघडा. जमलं तर आमच्यापैकी एखाद्याला तिथे बसवा. पाणी बेताने द्या, बुडाशी साचू देऊ नका, आणि जाता-येता एखादं पान चोळा. आम्ही जमेल तेवढं करू. मात्र दारामागे कुणी फार वेळ बसत असेल, तर तिथे पुदिना पुरा पडत नाही. तिथे तुम्हीच जा.

आता थांबतो. बाबा आंघोळीला आलेत. गवती चहाची ताजी पेंडी नळाला टांगली आहे, वाफ चढते आहे आणि बाबा घसा ताणून गातायत. सुराचं आणि त्यांचं कधीच जमलं नाही. दारावर थाप पडते. दुखण्याच्या दिवसांत या दारावर कुणी थाप मारायचं नाही, सगळे पाय न वाजवता फिरायचे. आज चिरंजीव मोठ्याने ओरडतोय, "बाबा, आटपा ना लवकर! मला उशीर होतोय!"

"थांब रे! साबण आहे अंगाला!"

चिरंजीव आणखी जोरात थाप मारतो.